‘कोर्ट’चा शेवट कुणाला कळला?

दांडियाबझारची_सून:
काल रात्री सासूबाईंबरोबर चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ बघितला, २०१४चा आहे पण मला सवड आत्ता मिळाली. गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्याने आत्महत्या केली म्हणून कांबळे नावाच्या शाहिरावर केस, इथपर्यंत ठीक. वकील वोराच्या घरी गुजराती सुरू झाली तसा आईंनी चष्माच काढून ठेवला, जन्म बडोद्यात गेलाय, सबटायटल कशाला हवेत! पण शेवट? कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून बंद, अंधार, मला वाटलं संपला म्हणून दूध तापवायला उठले तर पिक्चर चालूच, जजसाहेब रिसॉर्टवर. बाकावर डुलकी, पोरं ओरडतात, एकाला थप्पड, परत डुलकी. संपलं?? कांबळेचं काय झालं मग?

रावपुरावाला:
ताई मी पाऊण तासात सोडला. कॅमेरा हलतच नाही हो. व्हेनिसला अवॉर्ड मिळालं म्हणजे जांभया दाबून बघायचं का?

काळा_कोट:
कोर्टात बाकावर बसलेला माणूस तरी कुठे हलतो दादा, मी रोज बघतो, सकाळी अकराला आलेला दुपारी पुढची तारीख घेऊन घरी जातो. आणि तुम्ही सोडलात ते त्या गटार साफ करणाऱ्याच्या विधवेच्या साक्षीआधीच, काय बोलायचं. ती सांगते नवरा दारू पिऊन उतरायचा, वास सहन व्हायचा नाही म्हणून, आणि आधी दगड टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे. आता सांगा, जीव द्यायला निघालेला माणूस झुरळं कशाला बघेल? अख्खी केस तिथेच पडते. जामीन मिळतो, पण मग परत अटक, आणि सुट्टीआधी जामीन नाहीच.
ताई, थपडेचं म्हणाल तर हाच जज एका बाईने स्लीव्हलेस घातलंय म्हणून तिची केस पुढे ढकलतो. कोर्टातला आणि बाकावरचा माणूस एकच आहे, एवढंच मला दिसलं.

दांडियाबझारची_सून:
झुरळांचं डोक्यातच आलं नव्हतं माझ्या! आई सकाळी चहा गाळताना म्हणाल्या, जज सहलीला गेला तरी तो बिचारा आतच असेल ना. मी शेवट शेवट करत बसलेले.

रावपुरावाला:
बरं, रविवारी उरलेला बघतो. साक्ष कितव्या मिनिटाला आहे तेवढं सांगा.

काळा_कोट:
नाही सांगणार. बसा बाकावर.