गॅमा दिलेला कांदा: विकिरणित, प्रारित की किरणोत्सर्गी?

निफाडकर: लासलगावच्या 'कृषक' केंद्रात कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरण दिलेल्या कांद्याचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. मसुद्यात 'किरणोत्सर्गी कांदा' आलंय. 'विकिरणित' योग्य होईल का?

अणुरेणू: 'किरणोत्सर्गी' आधी खोडा. असल्या शब्दाने माल पडून राहील. किरणोत्सर्गी आहे तो तिथला कोबाल्ट-६०. त्यातून बीटा कण निघाला की निकेल-६० उरतं आणि त्याच्या केंद्रातून ११.७ आणि १३.३ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे गॅमा सुटतात. तेवढ्याने कांद्यातली अणुकेंद्रं बदलत नाहीत, त्यामुळे कांद्यातून पुढे काहीच सुटत नाही. कोंबाच्या पेशींमधला डीएनए मात्र तुटतो.

पंचवटी४२२: पण 'विकिरण' कशाला? ते हिंदीतलं. आपल्याकडे शाळेत उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण शिकवतात आणि विकिरण म्हणजे प्रकाश विखुरणं, ज्यामुळे आकाश निळं दिसतं. म्हणून 'प्रारित कांदा'.

अणुरेणू: 'प्रारित' बाजार समितीत कोण म्हणतं?

शब्दवेडा: प्रारणात चाकाचा 'आरा' आहे, असं माझं ठाम मत. लॅटिन 'रेडियस'चाही एक अर्थ आराच.

पंचवटी४२२: संस्कृत धातू दाखवा, मग मानू.

चाळवाला: शेतकऱ्याला लिहा 'कोंबबंद कांदा' आणि खाली कामाचं सांगा. मात्रा ६० ते ९० ग्रे (शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचं एकक). कांदा नीट सुकवून, मान कापून, सुप्तावस्थेत असतानाच द्यावा. आत कोंब हलू लागल्यावर दिला तर वाढ नीट थांबत नाही आणि गाभ्यातला कोंब तपकिरी पडतो. सड आणि काजळी याने थांबत नाही, त्या मात्रेत बुरशी मरत नाही. म्हणजे कांदाचाळीत हवा खेळती हवीच. बियाण्यासाठी हा कांदा लावू नका, उगवणार नाही.

निफाडकर: 'कोंबबंद' आवडला. पण कोंब शीतगृहातही रोखतात. गॅमा दिलाय हे त्यातून कुठे कळतं? ते लपवल्यासारखं होईल.

गंगापूररोड: 'रेडिएशन' सगळ्यांना कळतं, तेच ठेवा.

अणुरेणू: कळतं म्हणूनच घोळ होतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या २.४५ गिगाहर्ट्झ लहरींच्या एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या लाखाव्या भागाएवढी, ती फक्त पाणी तापवते. रेणूतला बंध तोडायला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. मायक्रोवेव्ह आणि गॅमा दोन्हींना एकच शब्द, म्हणून भीतीही एकच. गॅमाला 'आयनकारी', म्हणजे अणूतला इलेक्ट्रॉन उडवणारं, हा शब्द जोडलाच पाहिजे.

शब्दवेडा: मग एक्स-रेला 'क्ष-किरण' आणि गॅमाला नुसतं 'गॅमा' का? दोन्ही आयनकारी. एक इलेक्ट्रॉनांच्या उलथापालथीतून, दुसरा केंद्रातून.

पंचवटी४२२: 'क्ष' बीजगणितातल्या अज्ञात राशीचा. त्याचा वेगळा धागा काढा.