मत मागताना धर्म
'आपल्या धर्माचा माणूस निवडून आला तरच आपली कामं होतात' असं अनेकदा ऐकू येतं; हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा घागरी सगळ्यांच्याच रिकाम्या होत्या.

कायदाही स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२३(३) धर्माच्या नावानं मत मागणं भ्रष्ट आचरण मानतं. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध ३ अशा बहुमतानं त्यात उमेदवाराच्या धर्मासोबत मतदाराचा धर्मही धरला. हे बंधन मागणाऱ्यावर आहे, देणाऱ्यावर नाही (आणि तेच योग्य). म्हणून सभेत आपणच उठून विचारलं पाहिजे: जायकवाडीच्या पाण्याचं, पीकविम्याचं काय केलंत? पूजा-नमाजाचं आमचं आम्ही बघतो.