मे महिन्यात लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंड: आधी व्हिसा की आधी तिकिटे?

प्रश्न

नमस्कार. येत्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी, पत्नी आणि माझे आईवडील असे चौघे युरोपला जाणार आहोत. मुंबईहून पॅरिस (चार रात्री), तिथून लंडन (तीन रात्री), मग पुन्हा पॅरिसमार्गे स्वित्झर्लंड (पाच रात्री) आणि झ्युरिकहून परत, असा बेत आहे. विमानभाडे चढत चालल्यामुळे तिकिटे आता जानेवारीतच काढून टाकावीत असे वाटते. परंतु व्हिसा हाती नसताना चौघांचे पैसे अडकवावेत का? शेंगेनचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज फ्रान्सकडे करायचा की स्वित्झर्लंडकडे? वडील सातारा जिल्ह्यात शेती करतात आणि आयकर विवरणपत्र भरत नाहीत, त्यामुळे त्यांचा अर्ज अडेल की काय, अशी धास्ती आहे.

प्रतिसाद १

तिकिटांआधी प्रवासाचा क्रम बदलावा, असे मी आग्रहाने सुचवतो. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही. पॅरिसहून लंडनला गेलात की एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा तिथेच संपतो आणि परतीच्या वाटेवर तुम्हाला अडवले जाईल. लंडन सुरुवातीला ठेवलेत, तर लंडन, पॅरिस, झ्युरिक अशी सरळ रेषा होते आणि एकच प्रवेश पुरतो. लंडनहून पॅरिसला रेल्वेने जाणार असाल, तर फ्रान्सची पासपोर्ट तपासणी सेंट पँक्रस स्थानकावर, गाडीत बसण्यापूर्वीच होते.

मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये सर्वाधिक असल्याने अर्ज त्यांच्याकडेच करावा लागेल. मुक्काम सारखे असते, तर जिथे प्रथम प्रवेश त्या देशाकडे. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा मात्र तीन महिने आधीपासून. अर्ज विचाराधीन असताना पासपोर्ट सहसा त्यांच्याकडेच राहतो, म्हणून दोन्ही अर्ज एकदम करण्याचा विचार सोडून द्या. शेंगेनची भेटीची वेळ आजच पाहा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर त्या भराभर संपतात. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण नियमानुसार ती मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. पासपोर्ट परत आला की ब्रिटनचा अर्ज. तिथे साधारण तीन आठवडे धरा. आईवडिलांचे बोटांचे ठसे पूर्वी घेतलेले नसणार, तेव्हा दोन्ही वेळा त्यांना स्वतः जावे लागेल.

प्रतिसाद २

वडिलांच्या अर्जाविषयी लिहिते, कारण माझ्या सासऱ्यांची स्थिती अशीच होती. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे विवरणपत्र नसणे हा दोष नाही. फक्त ते एका पानाच्या पत्रात स्पष्ट लिहावे. सातबारा आणि आठ-अ यांचे उतारे इंग्रजी भाषांतरासह जोडावेत, कारण ते परत येण्याच्या बांधिलकीचा ठोस पुरावा ठरतात. खर्च तुम्ही करणार असाल तर तसे प्रायोजक-पत्र, तुमच्या पगाराच्या पावत्या आणि विवरणपत्रे जोडा. तुमच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावे असतील, तर नात्याचा पुरावा तिथेच आहे. मात्र त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवरील नावांशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा.

एक कळकळीची विनंती: अर्जाच्या तोंडावर वडिलांच्या खात्यात मोठी रक्कम एकदम भरू नका. शिल्लक कितीही असली, तरी असा अचानक आलेला पैसा संशय निर्माण करतो. ऊसबिल जमा झाले असेल, तर कारखान्याची पावती सोबत ठेवा.

प्रतिसाद ३

तिकिटांबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. शेंगेनच्या अर्जासाठी केवळ आरक्षण पुरते, पैसे भरलेले तिकीट लागत नाही, हे खरेच. पण दोन्ही व्हिसा येईपर्यंत थांबलात, तर मार्च उजाडेल आणि मेच्या सुट्टीचे भाडे तोवर बरेच चढलेले असेल. म्हणून जाताना मुंबई ते लंडन आणि येताना झ्युरिक ते मुंबई असे एकाच आरक्षणात, रद्द केल्यास परतावा मिळणारे तिकीट थोडे जास्त पैसे मोजून घ्यावे. स्वस्त तिकिटावर व्हिसा नाकारला तरी मूळ भाडे बहुधा परत मिळत नाही. भाड्याचे नियम पैसे भरण्यापूर्वी वाचा. दुबई किंवा दोहामार्गे जाणार असाल, तर दोन टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर घेऊ नका. सामान घेण्यासाठी बाहेर पडावे लागले, तर तिथलाही व्हिसा लागू शकतो. विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे आणि शेंगेनमधील सर्व दिवसांचे हवे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लंडन पहिल्यांदा घेत आहोत. वडिलांचे उतारे उद्याच तलाठी कार्यालयातून काढतो. आईच्या पासपोर्टवर तिच्या नावाचे स्पेलिंग माझ्या पासपोर्टहून वेगळे आहे, असे आत्ताच पाहिले. त्यासाठी प्रतिज्ञापत्र पुरेल का?

प्रतिसाद २

एका अक्षराचा फरक असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीकडील प्रतिज्ञापत्र आणि तुमचा जन्मदाखला जोडा. आडनावच वेगळे असेल, तर अर्जापूर्वी पासपोर्ट दुरुस्त करून घेणे अधिक सुरक्षित.