अनुभव धागा: दवाखान्याच्या दारात तुम्हाला आधी काय विचारले गेले?

माणदेशची लेक
शिधापत्रिकेवर मुलाचे नाव चढवायचे होते, म्हणून कागद शोधत असताना २००९ सालची अनामत रकमेची पावती हाती लागली आणि नंतर दुपारभर दुसरे काही सुचले नाही. वडिलांच्या छातीत कळ आली त्या रात्री आम्ही दीड वाजता शहरातल्या एका खासगी रुग्णालयात पोहोचलो होतो. पावतीवरची वेळ पहाटे ४:१० ची आहे. मधला सगळा वेळ वडील व्हरांड्यातल्या बाकावर आईच्या मांडीवर डोके ठेवून पडले होते आणि भाऊ २०,००० रुपयांसाठी ओळखीच्यांची दारे ठोठावत होता. वडील वाचले, दोन्ही दुभत्या म्हशी मात्र त्याच महिन्यात विकाव्या लागल्या.

प्राण वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगितले होते, हे मला फार उशिरा कळले. उपचारांची हमी देशाने प्रत्येक नागरिकाला द्यावी, तिथे पिवळे, केशरी, पांढरे कार्ड पाहू नये, असे मला मनापासून वाटते. तुमचे अनुभव लिहा.

सातासमुद्रापार
ताई, वाचून पोटात कालवले. माझे सिझेरियन इंग्लंडमध्ये झाले. घरी निघताना बिल कुठे भरायचे, हे यजमान सवयीने विचारायला गेले, तर परिचारिकेला प्रश्नच कळेना. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, तेव्हा तो देश महायुद्धाने कर्जबाजारी झालेला होता आणि अन्नधान्याचे रेशनिंगही संपलेले नव्हते. म्हणून ‘आधी देश श्रीमंत होऊ द्या’ हे म्हणणे मला पटत नाही. फुकट तिथेही काही नसते. आम्ही व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरला होता आणि पगारातून कर जातच होता, पण ते पैसे आजारी पडण्याच्या आधी भरलेले असतात, रात्री दीड वाजता नव्हे. शेजारच्या आजींना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षाहून अधिक काळ ताटकळावे लागले, हेही खरे आहे.

रातपाळी
मी ग्रामीण रुग्णालयात २८ वर्षे परिचारिका होते. एका पावसाळी रात्री दोन बाळंतिणी आणि सर्पदंश झालेला एक शेतमजूर एकदमच आले, डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले आणि मी एकटी. त्या माणसाकडे कोणी पैसे मागितले नाहीत, पण लसीच्या कुप्या पुरतील का, या विचाराने माझे हात थरथरत होते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही औषध संपले की ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी लिहावीच लागते, आणि ती हातात घेणाऱ्याचा चेहरा मी हजारदा पाहिला आहे. हमी द्यायची तर आधी रिकामी पदे भरा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के सरकारी आरोग्यखर्चाचे उद्दिष्ट ठेवले होते, तेवढे तरी करा.

केशरी कार्ड
घाईत लिहितो आहे, आईला डबा न्यायचा आहे. महात्मा फुले योजनेतून तिची केमो झाली, आरोग्यमित्रांनी कागदपत्रांची सगळी धावपळ केली आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण आजार नक्की कोणता हे कळेपर्यंतच्या तपासण्या आणि शहरात जाण्या-येण्याचा खर्च यांतच आमची शिल्लक संपली होती. योजनेत आजारांची यादी असते; हक्काला यादी नसावी. राजस्थानने २०२३ साली आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, तसा तो इथेही व्हावा.

रातपाळी
त्या कायद्याविरुद्ध तिथले खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले होते, कारण तातडीच्या उपचारांचे पैसे सरकार कधी देणार याची त्यांना धास्ती होती. ती अनाठायी म्हणता येणार नाही. आई कशा आहेत आता?

केशरी कार्ड
केमोची चौथी सायकल झाली, काल भाकरी खाल्ली.

पांढरपेशा
एक उपयोगाची माहिती: धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करावी. ताई, वडील आता कसे आहेत?

माणदेशची लेक
७२ वर्षांचे आहेत, रानात जातात. सत्तरीपुढच्या सर्वांना मिळणारे आयुष्मान कार्ड परवाच काढून आणले. पाच लाखांपर्यंतचे उपचार होतील, असे मी सांगत होते, त्यांनी कार्ड उलटून पाहिले आणि विचारले, “रात्रीचं चालतं का गं हे?”