मदत हवी आहे : कोलामी भाषेतील ध्वनिसूचनांसाठी मार्गदर्शन

सविनय नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम पोडांवर (कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर) आम्ही पाच इंटर्न, संगणक प्रशिक्षणानंतर, २०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी (शेतातील पिकाची मोबाइल अ‍ॅपवरून सरकारी नोंद) शेतकऱ्यांना स्वतःच्या मोबाइलवरून करायला शिकवत आहोत. गट क्रमांक निवडणे, शेतात उभे राहून कपाशीचा फोटो काढणे तरुणांना लगेच जमते. मात्र अनेक ज्येष्ठांना मराठी सूचना वाचता येत नाहीत, आणि कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा असल्यामुळे केवळ मराठीतून सांगून भागत नाही. आमच्यापैकी दोघींची ती मातृभाषा आहे, हे आमचे भाग्यच. त्यांच्याच आवाजात छोट्या ध्वनिफिती करायच्या आहेत. साध्या मोबाइलवर स्वच्छ ध्वनिमुद्रण कसे करावे आणि नेटवर्क नसलेल्या पोडांवर त्या कशा पोहोचवाव्यात, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. खरिपाच्या नोंदणीची मुदत जवळ आली आहे.