पोर्ट हारकोर्टचे फ्लायओव्हर बघून वीकेला किती मार्क द्यायचे?

उनाड_पाखरू

नमस्कार मंडळी, आमच्या ऑफिसात नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्टचे दोन जण आहेत, दोघं एकाच शहरातले, एकाच वयाचे, आणि न्येसोम वीकेचं नाव निघालं की जेवणाच्या टेबलावर भांडण ठरलेलं. एक म्हणतो रिव्हर्स स्टेटला असा गव्हर्नर परत मिळणार नाही, आमचं शहर त्यानं उभं केलं. दुसरा म्हणतो त्यानं सिमेंट ओतलं आणि राज्य मोडून ठेवलं. मी थोडं वाचलंय, २०१५ ते २०२३ अशी दोन टर्म, दहा-बारा फ्लायओव्हर, 'मिस्टर प्रोजेक्ट्स' हे नाव तर विरोधी पक्षाच्या तेव्हाच्या उपराष्ट्राध्यक्ष ओसिनबाजोंनी दिलेलं, म्हणजे कामं झालीत हे नक्की. पण मग तो गेल्यावर दोन वर्षांच्या आत तिथे थेट आणीबाणी का लागली? रस्ते चांगले म्हणून माणूस चांगला असं धरायचं का, की दोन्हीचा हिशोब वेगळा ठेवायचा? ज्यांनी ते शहर पाहिलंय किंवा नायजेरियाचं राजकारण नियमित वाचतात त्यांनी सांगा प्लीज, मला खरंच समजून घ्यायचंय.

जुना_सायटवाला

ताई, मी २०१४ ते २०२२ पोर्ट हारकोर्टला होतो, सिव्हिलचाच माणूस, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

गॅरिसन जंक्शन म्हणजे काय होतं हे आधी सांगायला पाहिजे. अबा रोडवरचा तो चौक, संध्याकाळी पाचनंतर तिथे अडकलात की संपलं, तिकडे ट्रॅफिक जॅमला गो-स्लो म्हणतात आणि शब्द अगदी बरोबर आहे कारण गाडी बंदही करता येत नाही आणि पुढेही जात नाही. चारी बाजूंनी केके म्हणजे तीनचाकी रिक्षा घुसलेल्या, मधून पाण्याच्या पिशव्या विकणारी पोरं डोक्यावर टोपलं घेऊन धावतायत, पाऊस आला की गटार कुठलं आणि रस्ता कुठला कळायचं नाही. एकदा आमच्या ड्रायव्हरच्या बायकोला कळा सुरू झालेल्या आणि आम्ही तिथे दीड तास उभे होतो, तो माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता. सगळं नीट झालं, मुलगी झाली, पण तो दीड तास मी विसरत नाही.

२०१९ च्या शेवटी गॅरिसन, रुमुओग्बा आणि आर्टिलरी असे तीन फ्लायओव्हर एकदम काढले, ज्युलियस बर्जर या बांधकाम कंपनीला काम, तिन्ही मिळून २१ अब्ज नायरा (तिकडचं चलन), आणि मुदत १६ महिने. आम्ही साइटवरचे लोक हसलो होतो, तिकडे सरकारी कामाची मुदत कोण धरतो. पण पैसे सुरुवातीलाच मोठा हिस्सा भरून टाकलेले, ७० टक्के, त्यामुळे कंत्राटदाराला बिलासाठी सचिवालयाच्या पायऱ्या झिजवायच्या नव्हत्या आणि काम खरंच पळालं. गॅरिसनच्या पुलाला रेबिसी नाव दिलं. तो खुला झाल्यावर पहिल्यांदा वरून गेलो तेव्हा ड्रायव्हरनं काही न बोलता गाडी हळू केली आणि खाली चौकाकडे बघितलं. म्हणून कोणी "नुसतं सिमेंट" म्हटलं की मला राग येतो. ज्याला रोज त्या चौकातून जायचं होतं त्याला विचारा.

आणि ओपोबो. राजा जाजानं १८७० मध्ये वसवलेलं गाव, पुढे इंग्रजांनी त्याला धरून देशाबाहेर पाठवलं तो जाजा. इतकं नावाजलेलं गाव पण तिथे जायचं तर बोटीनंच. ओगोनी-अँडोनी-ओपोबो रस्ता कितीतरी सरकारं नुसता बोलत होती, वीकेच्या काळात गाडी थेट ओपोबोपर्यंत पोचली. बोटीतून आजारी माणूस आणणं वेगळं आणि गाडीतून आणणं वेगळं.

कोरडी_विहीर

सायटवाले दादा, तुमचं सगळं मान्य पण पैशाची बाजू राहिली. रिव्हर्स म्हणजे तेलाचं राज्य, नायजेरियाच्या घटनेत तेलाच्या उत्पन्नातला किमान १३ टक्के वाटा जिथून तेल निघतं त्या राज्यांना द्यायचा आहे, त्याला डेरिव्हेशन म्हणतात. तर १९९९ पासूनची त्यातली थकबाकी तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष बुहारींच्या सरकारनं नायजर डेल्टामधल्या राज्यांना देऊन टाकली आणि हे जनतेला कळलं कधी, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये वीकेनं स्वतः जाहीरपणे सांगितलं की माझी कामं त्या पैशातून चाललीत. झालं, शेजारच्या राज्यांतले लोक आपापल्या गव्हर्नरला विचारायला लागले की मग आमचे पैसे कुठे गेले.

याचे दोन अर्थ निघतात आणि मला दोन्ही खरे वाटतात. एक, तसेच पैसे बाकीच्यांनाही मिळाले, पण वीकेनं निदान दाखवता येईल असं काहीतरी उभं केलं. दुसरं, इतकी मोठी रक्कम येऊन खर्च होईपर्यंत लोकांना पत्ताच नव्हता, आणि त्याची स्वतःची टर्म संपत आली, प्रतिस्पर्ध्यांना अडचणीत आणायची वेळ आली तेव्हा त्यानं तोंड उघडलं. लोकांचा पैसा असा एका माणसाच्या खिशातल्या चावीसारखा असू नये. विधानसभेनं खोदून खोदून विचारलं, चर्चा झाली, कुठला चौक आधी आणि कुठलं खेडं नंतर यावर वाद झाला असं काही ऐकलंय का तुम्ही? राज्यात २३ स्थानिक सरकारं आणि फ्लायओव्हर जवळपास सगळे पोर्ट हारकोर्ट आणि ओबिओ-अकपोर या दोनातच.

एका गोष्टीचं श्रेय मात्र मनापासून देते, व्हॅटची केस. व्हॅट केंद्राच्या एफआयआरएस या करखात्यानं नाही तर राज्यानं गोळा करायचा असा निकाल ऑगस्ट २०२१ मध्ये पोर्ट हारकोर्टच्या फेडरल हायकोर्टात रिव्हर्सनं मिळवला, पाठोपाठ लागोससुद्धा त्यात उतरलं. अपिलात ते अडकलं ती गोष्ट वेगळी, पण राज्यांनी दर महिन्याला राजधानी अबुजाकडे हात पसरायचा का हा प्रश्न त्यानं देशासमोर आणून ठेवला, ते काम कुठल्याही पुलापेक्षा मोठं आहे असं माझं मत.

सांजसकाळ

कोणी काजळीबद्दल बोलत नाहीये म्हणून लिहितेय. २०१६ च्या अखेरपासून पोर्ट हारकोर्टमध्ये हवेतून काळी काजळी पडते. माझी बहीण तिथे चार वर्षं होती, तिनं पाठवलेला फोटो अजून माझ्याकडे आहे, बाळाचे तळपाय. पोरगं नुसतं घरात रांगलं होतं आणि तळपाय इंजिनातल्या तेलासारखे काळे. सकाळी पुसलेली फरशी, दुपारी परत बोट फिरवलं की बोट काळं. खाडीच्या आत चोरीचं तेल उघड्यावर उकळून डिझेल काढतात, त्याला तिकडे क्पो-फायर म्हणतात, आणि सुरक्षा दलं तो माल पकडून तिथेच जाळायची, दोन्हीचा धूर शहरावर. वीकेनं अड्डे मोडायला स्वतः उतरून कारवाई केली ती जानेवारी २०२२ मध्ये. केली हे चांगलंच, लोकांनी कौतुकही केलं. पण मधली पाच वर्षं? सुरक्षा दलं केंद्राच्या हातात असतात हे मला माहितीये, तरी जो माणूस २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नियम मोडले म्हणून एलेमेतली दोन हॉटेलं स्वतः उभं राहून बुलडोझरनं पाडतो त्याची ताकद कमी होती असं कसं म्हणणार. ताकद कुठे लावायची ते तो ठरवत होता.

जुना_सायटवाला

@सांजसकाळ, काजळीचं खरंय, यावर मी बचाव करणार नाही. पांढरा शर्ट घालणं मीसुद्धा सोडून दिलं होतं.

नदीकाठचा

मूळ प्रश्न आणीबाणीचा होता ना, त्यावर येतो, आणि माझ्या मते पूल आणि आणीबाणी या वेगळ्या गोष्टी नाहीतच.

आधी थोडं मागं. वीकेच्या आधी रोटिमी अमाएची, २००७ ते २०१५, आणि वीके त्याचाच चीफ ऑफ स्टाफ होता. अमाएचीनं मोनोरेल काढली, शार्क्स स्टेडियमकडून वॉटरलाइन्सकडे, पहिला टप्पा जेमतेम अडीच किलोमीटरचा, खांब उभे राहिले, वर रूळ बसला आणि प्रवाशांसाठी ती कधी सुरूच झाली नाही. दोघांचं फाटलं होतं, त्यामुळे वीके आल्यावर तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे तिथली रीत अशी की आधीच्यानं केलेलं काम हे राज्याचं काम नसतं, त्या माणसाचं असतं.

वीकेला हे ठाऊक होतं म्हणून त्यानं आपल्यानंतर कोण हेही स्वतःच ठरवलं, आपल्याच खजिन्याचा अकाउंटंट जनरल सिमिनालायी फुबारा. आणि सहा महिन्यांत त्या दोघांचंही फाटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये विधानसभेच्या इमारतीत आग लागली, १३ डिसेंबरला फुबाराच्या सरकारनं इमारतच पाडली, २७ आमदार पक्ष सोडून केंद्रातल्या सत्ताधारी एपीसी पक्षात गेले, मग दोन विधानसभा, दोन सभापती, बजेट मोजक्या चार जणांपुढे मांडलं, कोर्टात फेऱ्या. शेवटी १८ मार्च २०२५ ला राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी आणीबाणी लावून फुबारा, उपगव्हर्नर आणि विधानसभा सगळ्यांना सहा महिने घरी बसवलं आणि निवृत्त व्हाइस अॅडमिरल इबास यांना प्रशासक नेमलं. मत देऊन निवडून आणलेला एकही माणूस राज्य चालवायला उरला नाही. आणि त्या वेळी वीके अबुजात केंद्राचा एफसीटी म्हणजे राजधानी प्रदेशाचा मंत्री.

आता जोडून बघा. ज्या पद्धतीनं पूल झाले तीच पद्धत इथे आहे, एक माणूस सांगतो, पैसे आधी सुटतात, विधानसभा हो म्हणते, काम होतं. तो खुर्चीत असेपर्यंत ते वेगवान वाटतं. खुर्चीतला माणूस बदलला आणि आमदारांची निष्ठा मात्र जुन्याकडेच राहिली की तेच यंत्र अडून बसतं. फुबारा धुतल्या तांदळाचा आहे असं मी म्हणत नाही, विधानसभा पाडणं हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. पण ज्यानं आठ वर्षं सगळं स्वतःच्या शब्दावर चालवलं त्याच्याकडे जबाबदारीचा मोठा वाटा जातो.

उनाड_पाखरू

खूप धन्यवाद सगळ्यांचे, इतकं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं. एक राहिलं, तो ५० किलोमीटरचा रिंग रोड मग कोणाच्या नावावर धरायचा? तो फुबाराचा ना?

नदीकाठचा

हो, फुबाराचाच, जुलै २०२३, कंत्राट परत ज्युलियस बर्जरलाच, साधारण १९५ अब्ज नायरा. तेव्हा दोघांचं जमत होतं. आणि फुबारानं कर्मचाऱ्यांचा किमान पगार देशाच्या ७० हजार नायरावरून पुढे जाऊन ८५ हजार केला, तोही हिशोबात धरा, त्याचं उद्घाटन करायला फीत नसते म्हणून ते मागे पडतं.

जुना_सायटवाला

ताई, ऑफिसातल्या त्या दोघांना एकच विचारून बघा, शाळेत असताना ते कुठे राहायचे. जो अबा रोडच्या बाजूचा असेल तो वीकेचं गुणगान करणार असं मला वाटतं, आणि जो खाडीकडच्या गावातला असेल त्याला मी काही उत्तर देऊ शकणार नाही. आमचा तो ड्रायव्हर अजून फोन करतो, मुलगी शाळेत जाते, पुलावरूनच. त्याचा भाऊ सरकारी नोकरीत, त्याला तीन वर्षं प्रमोशन नव्हतं मिळालं, त्याचाही फोन असतो अधूनमधून, तो वेगळंच बोलतो. तुम्ही विचारा आणि इथे लिहा काय म्हणाले ते.