सर निवृत्त होताहेत. मुलींचा बास्केटबॉल संघ टिकवायचा कसा?

कोपऱ्यातली_पॉइंटगार्ड

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या संघाबद्दल विचारतेय. नाव घेत नाही, इथल्या लोकांना कळेलच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मुलींचा बास्केटबॉल म्हटलं की फायनलला आमच्यासमोर कोण, एवढंच विचारायचं बाकी असायचं. मी त्याच संघातून खेळले. आता एका शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी सरांच्या हाताखाली ग्राउंडवर असते. मानधन नाही, आणि आज तो विषयही नाही.

सर मे अखेरीला निवृत्त होताहेत. जागा लगेच भरतील असं कुणीच छातीठोक सांगत नाही. फार तर तासिका तत्त्वावर कुणीतरी येईल, तोही क्रिकेट नाहीतर कबड्डीचा. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही आहातच की मॅडम."

शिकवायची मला भीती नाही. फुलकोर्ट प्रेस, झोन, बॉक्सआउट, खेळातले सगळे डावपेच सरांकडूनच घेतलेत. अडचण कोर्टाबाहेरची आहे. आमच्या निम्म्या मुली पूर्व भागातल्या. आई विड्या वळते, वडील लूमवर. बारावीचे पेपर संपले की सर एकेका घरी जातात, बाहेर कट्ट्यावर बसतात आणि उंबऱ्याच्या आत बसलेल्या आईशी तेलुगूत बोलतात. मुलगी किती वाजता सुटणार, सोबत कोण, बाहेरगावी मॅच असली की राहायचं कुठं. त्या बाईंच्या मांडीवर सूप, पानं कापणारी कात्री एकदाही थांबत नाही, मानही वर होत नाही. मध्येच त्या आतल्या पोरीला चहा टाक म्हणतात. तो चहा आला की सर माझ्याकडं बघून हळूच म्हणतात, "झाली ॲडमिशन."

मला तेलुगू समजतं, पण बोलायला गेले की मुलीच हसतात. त्यात सर मेमध्ये जाणार आणि ॲडमिशन जूनमध्ये सुरू. म्हणजे नेमका मोक्याचा महिनाच रिकामा. अलीकडे जिंकतोय तेही शेवटच्या मिनिटाला, हेही सांगून ठेवते.

मोठा कोच गेल्यावरही संघ तसाच राहिला, असं कुठं झालंय का? अमेरिकेत कॉलेजच्या मुलींचा खेळ फार मोठा आहे म्हणतात. तिथं काय करतात?

जुना_रेफरी

अमेरिका राहू द्या. आधी प्राचार्यांकडून पत्र घ्या. "आहातच की" हे वाक्य स्पर्धेच्या दिवशी टेबलवर चालत नाही. संघाबरोबर बेंचवर कोण बसणार, त्याचं नाव कॉलेजच्या लेटरहेडवर पाहिजे. ऐन वेळी आयोजकांशी भांडणारे पुष्कळ पाहिलेत, मुली तिकडं वॉर्मअप सोडून तमाशा बघत उभ्या.

पहाटेचा_स्कोअर

मी तिकडच्या मॅचेस पहाटे उठून बघतो, त्यामुळे यावर जरा लांबड लावणार आहे.

टेनेसी विद्यापीठाचं उदाहरण सगळे देतात. पॅट समिट १९७४ पासून २०१२ पर्यंत तिथं मुलींच्या संघाच्या मुख्य कोच होत्या. ८ राष्ट्रीय विजेतेपदं, १,०९८ विजय. २०११ मध्ये त्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं आणि पुढच्या वर्षी त्यांनी पद सोडलं. जागी आल्या हॉली वॉरलिक. समिटच्याच हाताखाली खेळलेल्या आणि १९८५ पासून त्यांच्याच सहायक. तुमच्यासारख्याच म्हणा ना. वॉरलिक यांचा संघ ७ वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत तीनदा गेला, शेवटच्या चारांत एकदाही नाही. २०१९ ला त्यांना काढलं. लोक म्हणाले, शिष्याला गुरूची सर नाही.

मला हा निकाल पटत नाही. समिट यांचं शेवटचं विजेतेपद २००८ चं. २००९ ला, त्या स्वतः बेंचवर असताना, संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत हरला, आणि नंतरच्या तीन वर्षांतही शेवटच्या चारांत पोचला नाही. घसरण गुरूच्या डोळ्यांदेखत सुरू झाली होती, पावती फाटली वॉरलिकच्या नावावर.

नोत्र दाम विद्यापीठात २०१९-२० चा हंगाम कोच मफेट मॅकग्रॉ यांचा शेवटचा ठरला. आदल्या वर्षीचे पाचही मुख्य खेळाडू व्यावसायिक लीगमध्ये गेलेले. त्या हंगामात १३ विजय, १८ पराभव. मग नील आयव्ही आल्या. याही माजी खेळाडू, २००१ च्या विजेत्या संघातल्या, आणि बरीच वर्षं सहायक. फरक एवढाच की मधलं एक वर्ष त्या एनबीएत मेम्फिस ग्रिझलीजच्या पुरुष संघाबरोबर काम करून परत आल्या होत्या. पहिल्या हंगामात १० विजय, १० पराभव, राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशच नाही. त्यांना कुणी काढलं नाही. २०२२ पासून २०२५ पर्यंत दर वर्षी शेवटच्या सोळांत.

स्टॅनफर्डला कोच तारा व्हॅनडरव्हिअर २०२४ मध्ये निवृत्त झाल्या. केट पे आल्या, पुन्हा माजी खेळाडू, जुन्या सहायक. त्याच उन्हाळ्यात मुख्य खेळाडूंपैकी कॅमेरॉन ब्रिंक व्यावसायिक लीगमध्ये गेली, किकी इरिआफेन दुसऱ्या विद्यापीठात गेली, आणि संघ ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतो तो गटसुद्धा बदलला. पुढच्या वर्षी १९८७ नंतर पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धा हुकली. यात नव्या कोचचा वाटा किती, तुम्हीच सांगा.

म्हणून मॅडम, तुम्ही शेवटी जाता जाता टाकलेलं "शेवटच्या मिनिटाला जिंकतोय" मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. सर आहेत तोवर त्यांच्याबरोबर बसून रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, काढा. तिसऱ्या वर्षाला किती मुली, पहिल्याला किती, उंच कोण उरते. आणि प्राचार्यांना आत्ताच सांगून ठेवा की पहिलं वर्ष हरण्याचं असू शकतं. हरल्यावर सांगितलं की ती सबब होते.

कोपऱ्यातली_पॉइंटगार्ड

रोस्टर काल रात्रीच काढलं. तिसऱ्या वर्षाला सहा, पहिल्याला दोन. बघून सरही गप्प झाले. पण तिकडं स्कॉलरशिप असते, सहायकांना पगार असतो. माझ्या हातात पूर्व भागातल्या त्या घरांशिवाय काही नाही.

लूमवाला_बाप

माझी पोरगी हाय या टीममध्ये, दुसऱ्या वर्षाला. म्हणून बोलतो.

सर आले म्हणून पाठवली हे खरं. पण सर एकटे नव्हते आले. आमच्या गल्लीतलीच एक पोरगी संगं होती, तिच्या अंगावर टीमचा टीशर्ट. आमच्या बायकोनं सरांचं ऐकून घेतलं आणि सर गेल्यावर त्या पोरीला आत बोलावून सगळं परत विचारलं. तिथं ठरलं. ॲडमिशन चहाला झाली असं सरांना वाटत असंल तर वाटू द्या.

तेव्हा तेलुगूचं टेन्शन घेऊ नका मॅडम. माझ्या पोरीला घेऊन जावा, ती बोलंल. आणि तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला कट्ट्यावर कोण बसवतंय? आत घेतील. पोरीच्या अडचणीच्या चार दिवसांत प्रॅक्टिसचं काय, हे कुठली आई सरांना विचारणार? तुम्हाला पहिल्यांदा तेच विचारतील.

पहाटेचा_स्कोअर

माझ्या सगळ्या लांबडीपेक्षा हे भारी. एकच भर घालतो. निवृत्तीनंतर सरांनी कुठं उभं राहायचं, हेही ठरवून टाका. समिट मानद मुख्य प्रशिक्षक म्हणून संघाबरोबरच राहिल्या. मॅकग्रॉ टीव्हीवर विश्लेषण करायला गेल्या. टाइमआउटला मुलींची नजर पहिल्यांदा तुमच्याकडं वळली पाहिजे.

कोपऱ्यातली_पॉइंटगार्ड

काका, तुमच्या मुलीला विचारलं. तयार आहे, फक्त रविवारी सकाळी जाऊ म्हणतेय, तेव्हा सगळे घरी असतात. चहाचं सरांना सांगितलं, खूप हसले.

सरांचं असं ठरलंय: रविवारी घरोघरी तेही येणार, पण बोलणार आम्हीच. जूनपासून ते ग्राउंडवर येणार नाहीत, निदान पहिली स्पर्धा होईपर्यंत. "मग संध्याकाळी मी करू काय?" म्हणाले. पार्क स्टेडियमला फेऱ्या मारा म्हटलं.

जुना_रेफरी

पत्राचं काय झालं?

कोपऱ्यातली_पॉइंटगार्ड

टाइप झालंय. सहीला आत गेलंय. सोमवारी परत जाऊन विचारते.